घरच्या अँटेनावर डिजिटल दूरदर्शन

नाशिककर श्रोतेहो, नमस्कार. दरमहा कोणालाही पैसे न देता, घरच्या अँटेनावर डिजिटल दूरचित्रवाणी कशी पाहता येते, या विषयावर आज मी आपल्याशी बोलणार आहे. टीव्ही पाहायचा म्हणजे केबलचे बिल, डीटीएचचे रिचार्ज किंवा इंटरनेटचा डेटा यांपैकी एक खर्च चालू ठेवावाच लागतो, असे आपण बहुतेकांनी गृहीत धरले आहे. सार्वजनिक पैशातून चाललेले प्रक्षेपण चोवीस तास आपल्या छपरावर येऊन पडत असते आणि ते घरात घेण्यासाठी लागणारी साधने एकदाच विकत घ्यावी लागतात, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती सविस्तर सांगावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या देशात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आली. हे प्रक्षेपण जमिनीवरच्या उंच मनोऱ्यावरून होत असे आणि ते घेण्यासाठी गच्चीवर ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा अँटेना लावला जाई. मनोऱ्यावरून निघालेल्या या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मनोरा ३०० मीटर उंच असला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचे क्षितिज साठ-सत्तर किलोमीटरवरच येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे हे खरे, पण मुंबई आणि नाशिक यांच्यामध्ये कसारा-इगतपुरीच्या बाजूला सह्याद्रीची रांग उभी आहे, आणि ती या लहरींना सहजासहजी पलीकडे येऊ देत नाही. म्हणूनच जमिनीवरच्या प्रक्षेपणाला जागोजागी स्वतंत्र प्रक्षेपक बसवावे लागतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण देशातील १६ शहरांत सुरू केल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही दोन शहरे होती; नाशिक नव्हते. पुढे २०२१-२२ च्या सुमारास, मोजकी ठिकाणे वगळता, देशभरातील जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. गावोगावच्या छपरांवरचे ते जुने अँटेने त्यामुळे निकामी झाले.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पुठ्ठ्याएवढा चपटा, खिडकीला चिकटवायचा ‘डिजिटल अँटेना’ आता घरबसल्या मागवता येतो आणि त्याच्या जाहिरातीत शेकडो वाहिन्यांचे आश्वासन दिलेले असते. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले, तिथल्या शहरांत जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण भरपूर आहे, आणि तिथे असा अँटेना खरोखर उपयोगी पडतो. अँटेना स्वतः डिजिटल किंवा ॲनालॉग नसतो. तो ठरावीक लांबीच्या लहरी गोळा करणारा धातूचा सांगाडा असतो, आणि आसपासच्या हवेत त्या लहरीच नसतील तर तो कितीही महाग असला तरी काहीही दाखवणार नाही. तेव्हा आपल्या परिसरात कोणते प्रक्षेपण येते, याची खात्री करूनच अशा वस्तूवर पैसे खर्च करावेत.

नाशिककरांसाठी मोफत डिजिटल प्रक्षेपणाचा भरवशाचा मार्ग आकाशातून येतो, आणि त्यासाठी लागणारा अँटेना म्हणजे थाळीच्या आकाराची डिश. दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि आज ती डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाते. तिचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी स्थिर असल्यासारखा दिसतो, कारण तो पृथ्वीच्याच गतीने तिच्याभोवती फिरतो. या सेवेवर सह्याद्री वाहिनी आहे, शालेय शिक्षणाच्या वाहिन्या आहेत आणि आकाशवाणीची केंद्रेही ऐकता येतात. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या डोंगरातील एखाद्या पाड्यावर मोबाइलची रेंज येवो न येवो, आग्नेय दिशेचे आकाश मोकळे असेल तर ही सेवा तिथे पोहोचतेच. मला या व्यवस्थेचे सर्वांत मोठे मोल इथे दिसते.

आता ती डिश लावायची कशी, ते पाहू. नाशिकहून हा उपग्रह जवळजवळ नेमका आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्यास सुमारे १३४ अंशांवर. क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ५७ अंश आहे, म्हणजे तो बराच वर आहे, आणि त्यामुळे समोरच्या इमारतीचा अडथळा आपल्याला वाटतो तितका होत नाही. नाशिकमध्ये होकायंत्राची उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे मोबाइलमधले होकायंत्र थेट वापरता येते. मात्र लोखंडी खांबाजवळ किंवा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ ते चुकीची दिशा दाखवते, म्हणून दोन-तीन मीटर दूर उभे राहून दिशा पाहावी.

जागा मोकळी आहे की नाही, हे तपासण्याची एक अचूक रीत सूर्य आपल्याला देतो. मार्चच्या १२ तारखेच्या आगेमागे सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अकराला काही मिनिटे कमी असताना, नाशिकहून पाहिले असता सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी गच्चीच्या ज्या कोपऱ्यात ऊन पडलेले असेल, तिथून उपग्रहाची वाट मोकळी आहे. जिथे झाडाची किंवा शेजारच्या इमारतीची सावली असेल, तिथे डिश लावून उपयोग नाही. याच दिवसांत, याच वेळेला, चित्र काही मिनिटे बिघडते किंवा जाते, कारण सूर्यातून येणाऱ्या रेडिओ लहरी उपग्रहाच्या क्षीण संदेशावर मात करतात. तेव्हा कोणी मेकॅनिकला बोलावू नये. थोड्या वेळाने चित्र आपोआप परत येते.

डिशचा खांब पूर्णपणे उभा असला पाहिजे. खांब तिरका असेल, तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत जाते आणि उपग्रह सापडत नाही. गवंड्याचा ओळंबा किंवा पाणपातळी लावून खांब दोन बाजूंनी तपासावा आणि मगच कठड्याला किंवा गच्चीच्या स्लॅबला बोल्टने घट्ट करावा. आपल्याकडच्या साध्या डिशमध्ये एलएनबी, म्हणजे समोरच्या दांड्यावरचा लहरी ग्रहण करणारा भाग, मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे अशी डिश दिसते त्यापेक्षा बरीच वर पाहत असते. ५७ अंशांवरच्या उपग्रहासाठी तिचा चेहरा डोळ्यांना तीस-पस्तीस अंशच वर केलेला दिसतो. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण डिश फार आकाशाकडे वळवतात आणि मग तासन्‌तास शोधत बसतात. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात. त्यांवर विश्वास ठेवावा. एलएनबीदेखील तिच्या पकडीत थोडी तिरकी फिरवावी लागते, कारण उपग्रह आपल्या पूर्वेकडे असल्याने त्याच्या लहरींचे कंपनप्रतल आपल्या इथे कलते दिसते.

साठ सेंटिमीटर व्यासाच्या डिशची नजर जेमतेम तीन अंशांची असते. उपग्रहाच्या अंतरावर एका अंशाची चूक म्हणजे ६०० किलोमीटरहून अधिक चूक. म्हणून खांबावर डिश फिरवताना एका वेळी बोटभरच फिरवावी, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग पुढे जावे, कारण टीव्हीला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सला संदेश ओळखायला तेवढा वेळ लागतो. एक माणूस गच्चीवर आणि दुसरा टीव्हीसमोर, फोनवर एकमेकांशी बोलत, अशी जोडी असली की काम लवकर होते. टीव्हीच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथची पट्टी कोणत्याही संदेशाने, किंबहुना नुसत्या गोंगाटानेही भरते. क्वालिटीची पट्टी मात्र हव्या त्या उपग्रहाचा हवा तो संदेश सापडल्याशिवाय हलत नाही, म्हणून लक्ष कायम तिच्यावर ठेवावे.

चित्र दिसू लागले, की बहुतेक जण तिथेच नट आवळून खाली उतरतात. तसे करू नये, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात संदेश क्षीण होत गेला की पडद्यावर मुंग्या वाढत जात, पण चित्र ओळखू येई. डिजिटल प्रक्षेपणात चित्र आकड्यांच्या रूपाने येते आणि त्यासोबत चुका दुरुस्त करणारे जादा आकडेही पाठवलेले असतात. चुका ठरावीक मर्यादेत असेपर्यंत चित्र अगदी निर्दोष दिसते. मर्यादा ओलांडली की चौकटी पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. अंजनेरीच्या पठारावरून सपाटीने चालत जावे आणि अचानक कडा यावा, तसे हे आहे. चित्र स्वच्छ आहे यावरून आपण कड्यापासून किती दूर आहोत हे कळत नाही. ते क्वालिटीच्या आकड्यावरूनच कळते. म्हणून चित्र आल्यावरही डिश डावी-उजवीकडे आणि वर-खाली किंचित हलवून तो आकडा जास्तीत जास्त जिथे जातो, तिथेच नट आवळावेत, आणि आवळताना आकडा घसरत नाही ना, हे पाहावे.

या जादा मिळवलेल्या गुणवत्तेची गरज पावसाळ्यात लागते. या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर असल्याने जोरदार पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. नाशिक शहरात पाऊस मध्यम असतो, पण इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर भागात तो झोडपून काढतो. तिथल्या श्रोत्यांनी साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची डिश घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. व्यास दीडपट झाला, की संदेश गोळा करणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि पावसात टिकून राहण्याची ताकद तेवढी वाढते. मोठ्या डिशला वाराही जास्त लागतो, म्हणून वळवाच्या वादळांआधी बोल्ट पुन्हा तपासावेत.

तक्रारींचे मूळ मात्र बहुतेक वेळा डिशमध्ये नसून वायरमध्ये असते. एलएनबी ११ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी कमी वारंवारितेवर आणते, कारण इतकी उच्च वारंवारिता साध्या वायरीतून लांब जाऊच शकत नाही. तरीही वायर चांगल्या प्रतीची आरजी-६ असावी, शक्यतो मध्ये जोड नसावा आणि कनेक्टरवर पाणी न शिरणारी टेप गुंडाळावी. वायर कनेक्टरपाशी येण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच गळून जाते. याच वायरीतून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टची वीज पुरवतो, त्यामुळे कनेक्टर काढण्याआधी बॉक्सचा स्विच बंद करावा. विजा कडाडत असताना गच्चीवर जाऊ नये, आणि बॉक्सची वायर व प्लग आधीच काढून ठेवावेत.

बॉक्सविषयी थोडेच सांगतो. या सेवेतील काही वाहिन्या चित्र आकड्यांत बांधण्याच्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीने आणि काही एमपेग-४ या नव्या पद्धतीने येतात. जुना बॉक्स फक्त पहिल्या प्रकारच्या वाहिन्या दाखवतो, म्हणून नवा घेताना एमपेग-४ असल्याची खात्री करावी. नवीन टीव्हीच घेणार असाल, तर त्यात उपग्रह ट्यूनर अंगभूत आहे का, हे दुकानदाराला जरूर विचारावे. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२ हे मानक २०२२ साली केले आहे, आणि तसा टीव्ही असल्यास वेगळ्या बॉक्सची गरज उरत नाही. खासगी वाहिन्यांच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो आणि १ एप्रिलच्या सुमारास वाहिन्यांची मांडणी बदलते. त्या दिवसांत एखादी वाहिनी दिसेनाशी झाली, तर डिशला हात न लावता बॉक्सच्या मेनूमध्ये जाऊन ऑटो स्कॅन, म्हणजे वाहिन्यांचा आपोआप नव्याने शोध, करावा.