आधी सांगायचं, मग हात लावायचा

(पडद्यावर : सारवलेला सोपा, दाराबाहेर काढलेल्या चपला, आतून भाकरी थापल्याचा आवाज)

दारातून आत आली की ताई काही बोलत नाही. पर्स खुंटीला अडकवते, बाजेपाशी जाते आणि बाजेच्या लाकडाला दोनदा थापटते. बाजेवर ११ वर्षांचा एक मुलगा बसलाय, त्याला धाकटी बहीण आहे म्हणून घरात सगळे त्याला दादाच म्हणतात, आपणही तेच म्हणू. थापटलेलं दादाला अंगात कळतं, तो मान वर करतो. मग ताई आपला डावा हात त्याच्या हाताजवळ नेऊन नुसता ठेवते, पकडत नाही, आणि दादाची बोटं तिच्या हातावरून चढत चढत मनगटापर्यंत येतात, तिथे एक पितळी कडं आहे, त्याला एका बाजूला खाच आहे. बोट खाचेत अडकलं की दादा हसतो. आली आपली ताई.

हे एवढंच व्हायला आठ महिने लागले बरं का.

दादाला ऐकू येत नाही आणि उजेड-अंधार एवढं सोडलं तर दिसतही नाही. आई सांगते, पोटात तिसरा महिना होता, अंगावर बारीक पुरळ आलं, ताप आला, तीन दिवसांत गेलंही सगळं, कुणाला काही वाटलं नाही. तो रुबेला होता. पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय तिन्हीवर येऊ शकतं, दादा जन्मला तो दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊनच. ही लस आईच्या लहानपणी आपल्या सरकारी लसीकरणात नव्हतीच. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये, ९ महिने ते १५ वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी, शाळाशाळांत रांगा लागल्या होत्या, आठवत असेल तुम्हाला. तेव्हा व्हॉट्सअॅपवर काय काय फिरत होतं आणि कितीतरी आईबापांनी घाबरून मुलं त्या दिवशी शाळेतच पाठवली नाहीत. त्यांनी दादाच्या आईला एकदा भेटायला हवं होतं.

(पडद्यावर : मेढ्याच्या रस्त्याने जाणारी एसटी, खिडकीशी ताई)

ताई स्पेशल एज्युकेटर आहे, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारी शिक्षिका. साताऱ्याहून एसटीने येते, मंगळवारी आणि शुक्रवारी, फाट्यावर उतरून पुढे चालत. लोक विचारतात, एका पोरासाठी एवढा आटापिटा? वर्गात बाई एकदा बोलल्या की ४० मुलांना ऐकू जातं. फळ्यावर एकदा लिहिलं की ४० जणांना दिसतं. पण हाताने सांगायचं असेल तर एका वेळी एकाच हाताला सांगता येतं ना, दुसरा उपायच नाही. म्हणून हे काम एकास एकच चालतं, त्यात लाड वगैरे काही नाही.

आणि अजून एक गैरसमज आहे, की अंधांसाठीचं थोडं आणि कर्णबधिरांसाठीचं थोडं एकत्र केलं की झालं. नाही होत. दिसत नाही तो माणूस कानावर जगतो, ऐकू येत नाही तो डोळ्यांवर, एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दादाकडे भरून काढायला दुसरं नाहीच. अर्थात सगळेच असे नसतात, बऱ्याच डेफब्लाइंड, म्हणजे डोळे आणि कान दोन्हींची अडचण असलेल्या, लोकांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं आणि त्या थोड्याचा त्यांना मोठा आधार असतो.

आपल्या देशात या कामाची सुरुवात मुंबईत झाली, १९७७ साली बेरोज वाच्छा यांनी हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली तिथून. पुढे १९९७ पासून अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया ठिकठिकाणच्या संस्थांना हाताशी धरून घरोघरी जाण्याचं काम वाढवत गेली. तरी गावाकडे आजही विचारून बघा, असं मूल असलं तर घरात असतं, आतल्या खोलीत असतं.

दादाही आतल्याच खोलीत होता. ताई पहिल्यांदा आली तेव्हा तो स्वतःच्या हाताला चावायचा, जवळ येईल त्याला ओरबाडायचा. गावातले म्हणायचे, वेडसर आहे. आता तुम्हीच विचार करा, तुम्ही गप बसलाय आणि अचानक कुणीतरी दोन्ही दंड धरून उचललं, गार पाणी अंगावर ओतलं, पुसलं, मग तोंडात काहीतरी कोंबलं, परत ठेवून दिलं, आणि हे कोण करतंय, कशासाठी करतंय, आता पुढे काय करणार आहे, काहीच पत्ता नाही, रोज, वर्षानुवर्षं. आई सगळं मायेनेच करत होती हो, जीव टाकत होती पोरावर. पण दादाला आधी कळायचंच नाही, त्याच्या अंगावर सगळं कोसळायचं. एका दवाखान्यात तर चौघांनी त्याला दाबून धरलं, दात बघायचे होते म्हणून, आणि पुढे सहा महिने तोंडाजवळ बोट आलं तरी तो थरथरायचा. त्या डॉक्टरांना दात बघायचा तो छोटा आरसा आधी त्याच्या हातात देता आला असता, दोन मिनिटं लागली असती, जास्त नाही.

म्हणून ताईने घरच्यांना पहिली गोष्ट शिकवली ती ही, की आधी सांगायचं आणि मगच करायचं, दहा सेकंद लागू देत पण न सांगता दादाला हात लावायचा नाही. आजीला हे पटायला सगळ्यात वेळ लागला. ती म्हणायची, "माझ्या नातवाला हात लावायला मी इचारू व्हय?"

(पडद्यावर : आंब्याची लाकडी पेटी, आत पुठ्ठ्याचे कप्पे, कॅमेरा जवळ)

ही आंब्याची पेटी नीट बघा. शिक्षक लोक याला कॅलेंडर बॉक्स म्हणतात, घरात सगळे नुसतं पेटी म्हणतात. पुठ्ठ्याचे चार कप्पे केलेत. पहिल्यात पितळेचा छोटा तांब्या, म्हणजे आंघोळ. दुसऱ्यात स्टीलची वाटी, म्हणजे जेवण. तिसऱ्यात म्हशीच्या दाव्याचा हातभर तुकडा, म्हणजे गोठा. चौथ्यात गोधडीची चिंधी, म्हणजे झोप. सकाळी दादा डावीकडून सुरुवात करतो, तांब्या हातात घेतो, तो घेऊनच मोरीत जातो, आंघोळ झाली की शेजारच्या टोपलीत टाकतो आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासतो, झालं. मग पुढचा कप्पा चाचपतो. आपल्याला घड्याळ दिसतं, स्वयंपाकघरातला वास येतो, कुणीतरी हाक मारतं, त्यावरून आपण दिवस पुढे ढकलत असतो, दादाकडे यातलं फारसं काही नव्हतं. पेटी आली आणि त्याला 'नंतर' ही गोष्ट मिळाली. मला विचाराल तर अख्ख्या घरात यापेक्षा मोलाची वस्तू नाही.

चावणं एकदम थांबलं नाही. कमी कमी होत गेलं.

मध्येच एक मोठी फजिती झाली. ताईचं बोट सुजलं होतं, दवाखान्यात कडं काढायला लावलं आणि ती तशीच आली. दादाने मनगट चाचपलं, परत चाचपलं, दुसरा हात चाचपला आणि तिला ढकलून दिलं. तासभर जवळ येऊ दिलं नाही. ताई सांगते, त्या दिवशी एसटीत रडले मी, पण एक कळलं, की तो आता माणसं ओळखायला लागलाय, परक्याला नाही म्हणायला लागलाय. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये एक जादा कडं असतं, त्यालाही तशीच खाच पाडून आणलीय.

(पडद्यावर : काथवट, पीठ, चार हात)

आता भाकरी. इथे आवाज बंद करून बघा थोडा वेळ. ताईचे हात खाली आहेत आणि दादाचे वर. आपल्याला वाटतं की शिकवायचं म्हणजे मुलाचा हात धरून गिरवून घ्यायचं. पण दादाचे हात म्हणजेच त्याचे डोळे, ते धरून ओढले म्हणजे कुणाची हनुवटी धरून मान वळवल्यासारखंच आहे. हात वर असले की नको वाटलं तर काढून घेता येतात. बघा, काढले त्याने. आता थांबायचं. ताई थांबलीय. थापायचं पण थांबलंय. आणि हे बघा, परत आले.

या दोन तासांत आई काय करते? बचत गटाच्या मीटिंगला जाते. कधी नुसती शेजारणीच्या ओट्यावर बसते. दहा वर्षं ही बाई कुणाच्या लग्नाला गेली नव्हती, माहेरी राहिली नव्हती. ताई तिला दारातच म्हणते, "वहिनी, तुम्ही जा बघू, मी आहे." कागदावर हे कुठेच लिहिलं जात नाही, पण कामाचा अर्धा भाग हाच आहे असं मला वाटतं.

कागदावरून आठवलं. २०११ च्या जनगणनेत डेफब्लाइंड असा वेगळा रकानाच नव्हता, बहुविकलांगांत कुठेतरी ही माणसं मिसळून गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांची यादी आली आणि त्यात डेफब्लाइंडचा स्पष्ट उल्लेख आला, दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशांना त्यांना समजेल त्या भाषेत आणि पद्धतीने शिकवायचं हेही आलं. पण दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी दादाला घेऊन आई चार चकरा मारून आली, डोळ्यांचा विभाग वेगळा, कानांचा वेगळा, एका खिडकीवर तर विचारलं, दोन्हीपैकी एक काय लिहू? नेमकं काय मागायचं हे ताईने कागदावर लिहून दिलं, पाचव्या वेळी सोबत गेली, तेव्हा काम झालं.

(पडद्यावर : सातारा, भाजी मंडई, लाल-पांढरी काठी)

साताऱ्यात ताई एका चाळिशीतल्या बाईंकडेही जाते. त्यांचं सगळंच वेगळं. जन्मापासून ऐकू येत नाही, साइन लँग्वेज पक्की, लग्न झालेलं, शिलाईचं काम करायच्या. विशीत रात्री दिसेना, मग बाजूचं दिसेना, आता नळीतून बघावं तेवढंच उरलंय. अशर सिंड्रोम म्हणतात याला, कान आणि डोळे दोन्हींवर येणारा जन्मजात आजार. यांना शिकवायचं काही नाही, यांना फक्त सोबत लागते. ताई त्यांच्या हातात साइन करते, त्या हातानेच वाचतात. भाजीवाला ताईला विचारतो, "यांना मेथी हवी का?" ताई उत्तर देत नाही, प्रश्न जसाच्या तसा बाईंच्या हातात देते. कुणी हसलं तर दंडावर बोटं भुरभुर नाचवते, म्हणजे आत्ता लोक हसतायत. बाई जुडी हाताने चाचपतात, नाकाशी नेतात आणि परत ठेवतात. शिळी आहे.

(पडद्यावर : पुन्हा घर, संध्याकाळ)

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी आम्ही सामान आवरत होतो. ताई फाट्याकडे निघाली होती. आई चुलीपुढे होती, पाठमोरी. दादा बाजेवरून उतरला, भिंतीला हात लावत पेटीपाशी गेला, वाटीच्या कप्प्यावर हात ठेवला, सोडून दिला, आणि पुढचं दावं उचललं. ते घेऊन चुलीच्या उबेच्या दिशेने आला, आईचा खांदा सापडला, आणि दावं तिच्या मांडीवर ठेवलं.

आई न वळताच म्हणाली, "थांब की रं, भाकरी तव्यावर हाय." मग तिच्याच लक्षात आलं. तिने पिठाचा हात पदराला पुसला, त्याचा हात वाटीवर ठेवला, मग दाव्यावर ठेवला. आधी हे, मग ते.

दादाने दावं सोडलं नाही. पण तिथेच, तिच्या पाठीला टेकून बसला.