अठ्ठेचाळीस कुऱ्हाडी आणि एक घर

मित्रहो, न्यूझीलंडच्या उत्तर भागात, केरीकेरी नदी खाडीला मिळते त्या वळणावर एक दुमजली पांढरे लाकडी घर उभे आहे. १८२१-२२ साली रेव्हरंड जॉन बटलर या मिशनऱ्यासाठी बांधलेले हे घर म्हणजे त्या देशात आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी युरोपीय वास्तू. बटलर तेथे फार काळ राहिले नाहीत. १८३२ साली व्यवसायाने लोहार असलेले जेम्स केम्प आणि त्यांची पत्नी शार्लट तेथे राहायला आले, आणि त्या घराण्याचा संसार १९७४ पर्यंत, म्हणजे तब्बल १४२ वर्षे, तेथेच चालला. त्या वर्षी त्यांनी हे घर राष्ट्रीय वारसा संस्थेच्या स्वाधीन केले, आणि आता ते संग्रहालय आहे.

परंतु हे घर उभे कोणाच्या जमिनीवर राहिले, हा प्रश्न मला तेथील टेबल-खुर्च्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. १८१९ साली मिशनने येथील १३,००० एकर जमीन ४८ कुऱ्हाडी देऊन घेतली. मिशनच्या दप्तरी ती खरेदी होती. पण जमीन कायमची विकून मोकळे होण्याची कल्पनाच माओरी, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांच्या, रीतीत नव्हती, तेव्हा ङापुही जमातीचे प्रमुख हाँगी हिका यांनी या परक्यांना आपल्या छत्राखाली वसवून घेतले, असेच त्या व्यवहाराकडे पाहिले पाहिजे. शेजारच्या टेकडीवर त्यांचे कोरोरिपो हे ठाणे होते. हाँगी १८२१ साली इंग्लंडचा दौरा करून बंदुका घेऊन परतले, आणि घराचे बांधकाम चालू होते त्याच काळात त्यांच्या युद्धाच्या होड्या याच खाडीतून मोहिमेवर निघत होत्या. लाकूड कापणाऱ्यांत माओरी करवतकरी होते. म्हणजे जागा, संरक्षण आणि श्रम ही तिन्ही यजमानांची. या घराला केवळ ‘वसाहतवाल्यांचे घर’ म्हणणे मला अपुरे वाटते.

जीर्णोद्धाराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. १९८१ च्या महापुरात नदीचे पाणी तळमजल्यात शिरले. पुढे दुरुस्ती झाली, पण लाकूड बदलून आणि रंग देऊन असे घर वाचत नाही. पुराचे पाणी तुंबवणारा घरालगतचा रस्त्याचा पूल उभा होता तोवर धोका कायम होता. २००८ साली वाहतुकीसाठी दुसरीकडून वळणरस्ता झाला आणि तो पूल उतरवण्यात आला. भिंतींना हातही न लावता केलेले हे काम मला साऱ्या जीर्णोद्धारात श्रेष्ठ वाटते.

आपल्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर तिकीट काढून एकदम घरात शिरू नका. आधी पायवाटेने कोरोरिपोवर चढा, जेथे होड्या लागत ती खाडी वरून नीट पाहा, आणि मग खाली उतरून घराचे दार उघडा.