घर की गोठा?

नमस्कार श्रोतेहो. लढाई थांबली की गावं लगेच उभी राहत नाहीत. दफ्तरं जळालेली असतात आणि परतलेली माणसं भलत्याच ठिकाणी वस्ती करून राहिलेली असतात. मग लस कुठे न्यायची, विहीर कुठे खणायची? आधी नकाशा हवा. आणि तो कुणा एकाच्या मालकीचा नको. हे मी पुन्हा सांगणार आहे.

असा एक नकाशा आहे, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्यात कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा. उपग्रहाच्या फोटोवरून घरं-रस्ते गिरवायचे, दुसऱ्याने ते तपासायचे, आणि नावं तिथल्या माणसांनी घालायची.

तर वाशीच्या एका कॉलेजात पोरं दक्षिण सुदान गिरवत बसली होती. हा देश २०११ मध्ये स्वतंत्र झाला आणि २०१३ संपता संपता यादवीत सापडला. आमच्या कोपरीतले एक काका नातवाबरोबर तिथे गेले. शहापूरकडे तलाठी म्हणून जन्म काढलेला माणूस. (हल्ली पत्ता विचारला की लोक "लोकेशन टाकतो" म्हणतात. पिंपळापासून डावीकडे वळा, हे सांगायची अक्कलच गेली.) काका पडद्याकडे बघत राहिले. गोल छपरं, पोरं धडाधड गिरवतायत. काकांनी एका मोठ्या गोलावर बोट ठेवलं. "हे घर नव्हे, गोठा आहे. भोवतीची जमीन बघ, गुरांनी तुडवलीय. पायवाट बघ केवढी रुंद! माणसाच्या पायाने अशी पडत नाही."

पोरं गप्प. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, बरोबर आहे. त्याला लुआक म्हणतात. पण रात्री घरातले पुरुषही तिथेच झोपतात. म्हणून आपण नुसती इमारत लिहायची. घर की गोठा, ते तिथले लोक ठरवतील."

काका क्षणभर थांबले. "म्हणजे फेरफार तिथलाच तलाठी घालणार! मग हरकत नाही." आणि माउस मागून घेतला. संध्याकाळी नातू घरी चला म्हणत होता, हे उठेनात.

सांगायचं ते हेच. नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नको. बाहेरची मंडळी निघून गेली तरी तिथल्या माणसाला तो दुरुस्त करता यायला हवा.

वेळ संपल्याची खूण होतेय, आणि पश्चिम आफ्रिकेतलं सिएरा लिओन राहिलंच. तिथलं यादवी युद्ध २००२ मध्ये संपलं. पुढे दवाखान्यांचे मासिक आकडे एकत्र करायला त्यांनी डीएचआयएस-२ नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ओस्लो विद्यापीठातून चालणारं, कोड सगळ्यांना खुला असलेलं. परवान्याचे पैसे नाहीत. मात्र आकडे भरणारी माणसं शिकवावी लागतात, आणि खरा खर्च तिथेच होतो. नमस्कार.