विणकरांच्या हाती राज्य

नमस्कार श्रोतेहो. राजाच्या सभेत सरदारांऐवजी विणकर, तेली, कुंभार, सोनार यांनी निवडलेली माणसं बसली असती तर? धंद्यांच्या संघटनांनी चालवलेलं राज्य आपल्याकडे जुन्या काळी उभं राहू शकलं असतं, असं मला मनापासून वाटतं. कारण त्याचं बी नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे.

तिथल्या दहाव्या लेण्यात जा. शाळांच्या सहली हल्ली वॉटर पार्कला जातात. मुलांना एकदा शिलालेखापुढे उभं करून तो वाचून दाखवावा, हे माझं जुनं मागणं आहे. असो. हा लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, क्षत्रप या शक घराण्यातला राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याचा. त्याने लेणं भिक्षूंना दिलं. मग त्यांच्या वस्त्रांचा खर्च कायमचा कसा भागवायचा? सासरा राजा, खजिना घरचाच. पण उषवदाताने पैसे ठेवले नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघटनांकडे! एकीकडे २००० काहापण, म्हणजे त्या काळची नाणी, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. करा हिशेब. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर मुक्कामाला, राहणारे भिक्षू २०. प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, १२, बरोबर! हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर झाला, रीतीप्रमाणे नोंदला गेला.

पुन्हा सांगतो, राजाच्या जावयाने पैसे विणकरांकडे ठेवले. राजा जातो, श्रेणी राहते. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा छाप मारला.

ज्याच्याकडे ठेव, त्याचा शब्द सभेत चालणारच. पाचव्या शतकात बंगालमधल्या कोटिवर्षात गुप्तांच्या अधिकाऱ्याबरोबर नगरश्रेष्ठी म्हणजे शहरातला बडा शेठ, सार्थवाह म्हणजे व्यापारी तांड्यांचा म्होरक्या, कारागिरांचा प्रमुख आणि लेखकांचा प्रमुख बसत. दामोदरपूरच्या ताम्रपटांत जमीनविक्रीच्या कामात ते दिसतात. हीच रीत जिल्ह्यावरून राजधानीत गेली असती, तर पुढे तांबट आळीतला माणूसही राज्याच्या करावर बोलला असता. आपल्याकडे धंदा जन्माला बांधला गेला आणि वाट तिथेच अडली, असं माझं मत.

इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये मात्र हे घडलं. १२९३ च्या कायद्यांनी तिथला कारभार २१ श्रेणींच्या हाती पक्का झाला. पण लोकर पिंजणाऱ्या मजुरांना श्रेणीच नव्हती, म्हणून कारभारात जागाही नव्हती. १३७८ मध्ये ते रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी स्वतःची श्रेणी मागितली.