तोंड पुढे की पाठ पुढे?

नमस्कार श्रोतेहो.

लाकडी रोलर कोस्टरच्या नादी लागलेली माणसं जगभर आहेत, आणि त्यांच्यात एक वाद चाळीसहून अधिक वर्षं चालू आहे. कोस्टरच्या गाडीत बसताना तोंड जाण्याच्या दिशेला हवं, की पाठ? या वादात मी आज बाजू घेणार आहे. पण त्याआधी, हा वाद जिथे सगळ्यात जास्त रंगला त्या जागी तुम्हाला घेऊन जाते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या उत्तरेला मेसन नावाचं गाव आहे. तिथलं किंग्ज आयलंड हे करमणूक उद्यान 1972 साली सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून तिथे ‘रेसर’ उभा आहे. रेसर म्हणजे खरं तर दोन कोस्टर, शेजारी शेजारी. पांढऱ्या रंगवलेल्या लाकडी सांगाड्यावरून दोन मार्ग निघतात, दोन गाड्या एकदमच सुटतात आणि शर्यत लागते. मध्ये दोन्ही मार्ग एकमेकांपासून फाकतात, परतीला पुन्हा जवळ येतात. उंची 88 फूट, प्रत्येक मार्गाची लांबी 3,415 फूट, वेग तासाला सुमारे 85 किलोमीटर. आजच्या पोलादी राक्षसांपुढे हे आकडे लहान वाटतील. पण 1920 च्या दशकात अमेरिकेत ठिकठिकाणी असलेले लाकडी कोस्टर मंदीत आणि महायुद्धाच्या काळात मोडीत निघाले होते, आणि त्यांचे दिवस परत आणण्याचं मोठं श्रेय या रेसरला दिलं जातं. तो आखला जॉन ॲलन यांनी. फिलाडेल्फिया टोबॉगन या कोस्टर बांधणाऱ्या कंपनीचे हे गृहस्थ. त्यांचं एक वाक्य या वर्तुळात सगळ्यांना पाठ आहे: रोलर कोस्टर आखायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, मानसशास्त्राची लागते.

हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

1982 साली किंग्ज आयलंडने रेसरच्या एका बाजूचे डबे उलटे फिरवले. रूळ तेच, चढउतार तेच, फक्त बसणाऱ्याची पाठ पुढे. लोकांना ते इतकं आवडलं की 2008 पर्यंत ती बाजू उलटीच धावली. व्हर्जिनियातल्या किंग्ज डोमिनियनचा ‘रेबेल येल’ आणि कॅरोलिनातल्या कॅरोविंड्स उद्यानाचा ‘थंडर रोड’ या जुळ्या मार्गांच्या कोस्टरांवरही पुढे हाच प्रयोग झाला. शिकागोजवळच्या ‘अमेरिकन ईगल’चीही एक बाजू अधूनमधून उलटी धावत असे.

मी शिकायला सिनसिनाटीत होते ते याच वर्षांत. त्यामुळे दोन्ही बाजूंना बसून पाहता आलं, आणि तेही लागोपाठ. एकातून उतरायचं, दुसऱ्याच्या रांगेत उभं राहायचं. दोन सर्वस्वी वेगळे कोस्टर वाटायचे. आणि मग प्रश्न पडायचा की बदललं नेमकं काय?

उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. शरीरावर पडणाऱ्या जोरात जवळजवळ काहीच बदललेलं नसतं. पहिल्या माथ्यावर गाडी चढावर ओढणाऱ्या साखळीवरून सुटली की पुढे तिला ओढणारं इंजिन नाही. ओढतं ते गुरुत्वाकर्षण, आणि ते गाडीला जसं ओढतं तसंच तुम्हालाही. म्हणून उतारावर तुम्ही ना मांडीवर अडकवलेल्या दांड्यावर ढकलले जाता, ना पाठीच्या आधारावर दाबले जाता. जे काही जाणवतं ते बुडाखालच्या बैठकीकडून येतं: दोन टेकाडांमधल्या खोलगट भागात अंग जड होतं, माथ्यावरून जाताना हलकं होऊन बैठकीवरून सुटतं. या सुटण्याला कोस्टरवेडे ‘एअरटाइम’ म्हणतात आणि लाकडी कोस्टरकडून त्यांना हवं असतं ते मुख्यतः हेच. तर हा एअरटाइम तोंड कुठे आहे ते विचारत नाही. वाऱ्याचा झोत तेवढा तोंडाऐवजी पाठीमागून येतो.

हिशेब वेगळा होतो तो पहिल्या चढावर. तिथे साखळी गाडीला संथ गतीने वर नेते. पुढे तोंड असलेला माणूस पाठ टेकून आरामात आकाश बघत असतो. उलटा बसलेला मात्र पुढे कलतो, त्याचं वजन मांडीवरच्या दांड्यावर येतं आणि डोळ्यांसमोर फलाट, माणसं, झाडं हळूहळू लहान होत जातात. गाडी मागे घसरू नये म्हणून खाली लोखंडी खिट्ट्या असतात, त्यांची टक्-टक्-टक् चालू असते. माथा किती लांब आहे हे त्याला दिसत नाही. पाठीला तो लागेल तेव्हाच कळणार.

माथ्यावरही एक भेद आहे. गाडीचा पुढचा भाग उतरू लागला की तो मागच्या डब्यांना ओढून घेतो, म्हणून शेवटच्या डब्यातला माणूस माथ्यावरून अक्षरशः खेचला जातो. उलट्या गाडीत शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला हा हिसका दांड्यावर घ्यावा लागतो, आणि त्याच्यासमोर एकही डोकं नसतं, फक्त मोकळे रूळ पळत लांब जात असतात. माझ्या मते उलट्या रेसरची ती सगळ्यात भारी जागा होती. ब्रेक लागताना मात्र उलटा बसणाराच सुखी. दुसरा दांड्यावर झुकतो, हा पाठीच्या आधाराला दाबला जातो. तान्ह्या बाळांची मोटारीतली खुर्ची मागे तोंड करून बसवतात त्यामागे हेच कारण आहे.

बाकी सगळा फरक डोक्यातला. इथे जॉन ॲलन यांचं वाक्य खरं ठरतं.

समोर उतार दिसला की मान, पोट, मांड्या आपोआप आवळल्या जातात. आपण ठरवत नाही, शरीर ठरवतं. मोटार चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, मागे बसलेल्याला लागते, तेही यामुळेच. वळण येण्याआधी चालवणाऱ्याला ते माहीत असतं. उलटं बसलात की ही पूर्वसूचनाच जाते. आतल्या कानात सरळ रेषेतला वेगबदल आणि गुरुत्वाकर्षण ओळखणाऱ्या बारीक स्फटिकांच्या पिशव्या असतात. त्या सांगतात, आपण पडतोय. डोळे बघत असतात तो मागे उंच उंच होत जाणारा डोंगर. दोघांचं पटत नाही. कुणाला त्याची झिंग चढते, कुणाला मळमळतं. जत्रेतल्या आकाशपाळण्यात समोरासमोर बसलेली दोन माणसं आठवा. पाळणा वरून खाली येताना एकाला मोकळं मैदान दिसतं, दुसऱ्याला चाकाचा सांगाडा. पोटात गोळा दोघांच्याही येतो, पण दोघांच्या चेहऱ्यावर वेगवेगळा.

लाकडी कोस्टरवर हे जास्त तीव्र होतं, कारण लाकूड जिवंत आहे. रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्या आणि वर पोलादाची पातळ पट्टी. गाडी गेली की सगळा सांगाडा मुद्दाम थोडा डोलतो, तसा डोलावा म्हणूनच तो बांधलेला असतो. उन्हाने, दमटपणाने लाकूड फुगतं, आकसतं. वंगण तापलं की तीच गाडी सकाळपेक्षा संध्याकाळी जोरात पळते. सुतार मंडळी रोज सकाळी रुळांवरून चालत जाऊन फळी न् फळी, खिळे, बोल्ट तपासतात. या लोकांचं नाव कुठे लागत नाही, पण त्यांच्यावाचून लाकडी कोस्टर एक हंगामसुद्धा टिकणार नाही. असा रूळ प्रत्येक सांध्याला बारीक हिसका देतो. पुढे बघणाऱ्याची मान तो सांभाळून घेते. उलट्या बसलेल्याची मान बेसावध असते.

आता माझी बाजू. रेसर पुढे तोंड करूनच बसण्यासाठी आहे. ॲलन यांनी टेकाडं मांडली ती दिसावीत म्हणून: हे आलं, हे संपलं, आता पुढचं. आणि शर्यत! शेजारची गाडी एक डबा पुढे आहे की मागे, हे मान वळवून बघायचं, ओरडायचं, चिडवायचं. एक गाडी उलटी केली की ही शर्यत तिथेच संपते. 2007 मध्ये अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स या संस्थेने रेसरला ऐतिहासिक मानाचं स्थान दिलं आणि पुढच्याच वर्षी उलटी बाजू पुन्हा सरळ झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

पण त्यात एक गोष्ट गेली, आणि तिची मला अजून हळहळ वाटते. उलटी गाडी जरा पुढे असली की दोन्ही गाड्यांतली माणसं एकमेकांच्या समोरासमोर यायची. अनोळखी लोक, वेगाने धावताना, एकमेकांचे घाबरलेले, हसणारे चेहरे बघत. दुसऱ्या कुठल्या खेळात हे मिळत असेल तर मला ठाऊक नाही. जिथे जुळे मार्ग आहेत तिथे वर्षातले काही दिवस तरी एक बाजू उलटी धावू द्यावी, असं मी आग्रहाने म्हणेन. डबे फिरवणं जिकिरीचं आहे, तरीही.

ओहायोत कुणी नातेवाईक असतील आणि उन्हाळ्यात जाणं झालं, तर रेसरला जरूर जा. मान-पाठीचं दुखणं असेल तर मात्र नको. एकदा पुढच्या डब्यात बसा, दिवेलागणीला एकदा मागच्या. आणि मागच्या डब्यात असताना, पहिला मोठा उतार उतरून झाला की, परतीच्या टेकाडांवर डोकं पाठीच्या आधाराला टेकवून डोळे मिटून घ्या. शरीरावरचा जोर तोच राहील. जाईल ती फक्त पूर्वसूचना. उलट्या बाजूला बसल्याची चव बरीचशी तशी मिळते. मग डोळे उघडा आणि शेजारची गाडी कुठवर आली ते बघा.

नमस्कार.