कॉफीचा चोथा आणि आमची उचलणी

श्रोतेहो, नमस्कार.

परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागायच्या आधी, रस्त्याच्या कडेला आम्हा तिघी मैत्रिणींचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर, आणि तिथे कॉफी पिकते. घाट उतरून येणारी माणसं "इथली कॉफी मिळेल का?" असं विचारू लागली, म्हणून आम्ही चहाच्या जोडीला कॉफी ठेवली. काचेचं उभं भांडं, त्यात जाडसर दळलेली पूड, वरून गरम पाणी. चार मिनिटांनी जाळीचा दट्ट्या खाली दाबायचा. याला फ्रेंच प्रेस म्हणतात.

कॉफी होते झटपट. खरं काम त्यानंतर सुरू होतं. चोथा तळाशी थापल्यासारखा बसतो. हात आत जात नाही, चमचा पुरत नाही. मग पाणी घालून हिंदकळायचं, मोरीत ओतायचं, पुन्हा पाणी घालायचं. एका भांड्यामागे दोन तांबे पाणी जायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअर आटली की टँकरची वाट पाहावी लागते. सासूबाई एकदा म्हणाल्या, "काऊन वं, कॉफी कपभर अन् पानी दोन तांबे?" त्यांचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरंच होतं. त्यातून हा चोथा पाण्यात विरघळत नाही. भांड्यांचा ओशटपणा त्याला धरून ठेवतो आणि पाइपाच्या वळणात थर बसतो. एका उन्हाळ्यात दोनदा तो पाइप आम्ही स्वतः खोलला.

आमच्यातली जी भांडी घासते, तिलाच हे सुचलं. कुकरमधून इडलीचं स्टँड मधल्या दांडीला धरून उचलतो, तसा चोथा खालून उचलता येईल का? त्याच रात्री आम्ही चहाच्या मोठ्या गाळणीची जाळी गोल कापली आणि मधोमध सायकलचा स्पोक लावला. सकाळी कळलं की दट्ट्याची दांडीही मधोमधच असते, त्यामुळे दट्ट्या खाली जाईना. स्पोक कडेला नेला तर तिथे फट राहिली आणि चोथा कपात आला. शिवाय तिसऱ्या दिवशी त्याला गंज चढला.

मग बादलीची कडी आठवली. बारीक स्टेनलेस स्टीलच्या दोन तारा समोरासमोर, काचेला चिकटून वर आणल्या. दट्ट्याच्या कडेला स्प्रिंग असते, ती तारेपाशी थोडी दबते आणि फट जवळजवळ बुजते. कपात किंचित गाळ अजूनही उतरतो, ते मी लपवणार नाही. जाळी सपाट होती तेव्हा उचलताना चोथा बाजूने घसरायचा, म्हणून तिला परातीसारखा बोटभर काठ दिला. जोड कसा द्यायचा यावर मात्र आठवडा गेला. रेडिओ दुरुस्तीच्या साध्या डागात शिसं असतं, ते गरम कॉफीत नको. शेवटी वेल्डरकाकांनी तारा जाळीच्या काठाला स्पॉट वेल्डिंगने जोडून दिल्या.

सासूबाईंनीच नाव ठेवलं, "गाळणी असते, तशी ही उचलणी."

जर्मनीत ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची गोष्ट मला या कामात फार बळ देऊन गेली. कपात येणाऱ्या चोथ्याला कंटाळून त्यांनी पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात घातला. १९०८ साली त्या कागदी गाळणीची पेटंट कार्यालयात नोंद झाली. स्वयंपाकघरात ज्याचे हात राबतात, त्यालाच अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं, असं मला मनापासून वाटतं.

आता कॉफी ओतून झाली की दट्ट्या काढायचा, दोन्ही तारा धरून उचलणी सावकाश वर घ्यायची. घाईने ओढली तर ओला चोथा खालची हवा अडवतो आणि जाळी वाकते. वर आलेली वडी बादलीत आपटली की मोकळी होते. भांडं पेलाभर पाण्यात धुतलं जातं.

चोथा शेणखताच्या खड्ड्यात जातो. वाळलेल्या चोथ्यात साधारण २ टक्के नत्र असतं, पण कच्चा चोथा रोपांच्या बुडाशी टाकू नका. त्यात उरलेलं कॅफिन कोवळ्या रोपांची वाढ रोखतं. आम्ही तो खड्ड्यात पूर्ण कुजू देतो आणि मगच संत्र्याच्या झाडांना घालतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. प्रत्येक भांड्याचा घेर वेगळा, आणि आमची उचलणी फक्त आमच्याच भांड्यात बसते. परतवाडा-अचलपूर भागात कुणाकडे असं भांडं असेल, तर आतल्या तळाच्या मापाचा कागद गोल कापून दुकानात आणून द्या. वेल्डरकाका दर बुधवारी दुपारी येतात. कागद मंगळवारपर्यंत पोचला तर तुमची उचलणी त्याच आठवड्यात करून पाहता येईल.