तरंगत्या कुरणावरचा संगाई

पडद्यावर दिसणारे हे हिरवे कुरण म्हणजे जमीन नव्हे. मणिपूरमधील लोकटाक सरोवरात पाणवनस्पती, त्यांची मुळे, कुजका पाला आणि माती एकमेकांत गुंतून तयार झालेला हा थर पाण्यावर तरंगतो. स्थानिक लोक त्याला फुमदी म्हणतात. तिचा साधारण एक पंचमांश भाग पाण्याबाहेर असतो, उरलेला सगळा पाण्याखाली.

केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे ४० चौरस किलोमीटरमध्ये, याच फुमदीवर हरणाचा एक प्रकार असलेला संगाई राहतो. मोकळ्या रानात तो जगात इतरत्र कोठेही उरलेला नाही. या नराची शिंगे नीट पाहावीत. कपाळावरून पुढे झेपावणारे टोक आणि मागे वळलेली मुख्य शाखा मिळून एकच सलग कमान साधली आहे. चालताना खुरांच्या मागचा भागही खाली टेकतो, त्यामुळे भार विभागला जातो आणि लवचीक थरावर पाय कमी रुततो. नाचरे हरीण हे त्याचे टोपणनाव या चालीला साजेसेच आहे.

१९५१ मध्ये संगाई नामशेष झाल्याचे मानले गेले होते, पण दोनच वर्षांनी निसर्गअभ्यासक ई. पी. जी यांना तो येथे पुन्हा आढळला. १९७५ च्या हवाई पाहणीत अवघी १४ हरणे मोजली गेली, १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१६ च्या गणनेत हा आकडा २६० वर पोहोचला. आकडा दिलासा देणारा आहे खरा, मात्र तो फुमदीच्या जाडीविषयी काहीच सांगत नाही.

पूर्वी कोरड्या महिन्यांत सरोवराची पातळी उतरत असे, फुमदी तळाला टेकत असे, तिची मुळे गाळातून पोषण घेत आणि पावसाळ्यात ती पुन्हा वर येई. १९८३ मध्ये इथाई बंधारा सुरू झाला आणि १०५ मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पासाठी पाणी वर्षभर उंच पातळीवर अडवले जाऊ लागले. तळ गाठता न आल्याने फुमदी उपाशी राहून विरळ होत गेली, आणि विरळ फुमदी हरणाचा भार पेलत नाही. काठची शेते बुडाली आणि म्यानमारमधील चिंडविन नदीकडून वर येणाऱ्या माशांची वाटही अडली. आता दिसत आहेत ते त्याच बंधाऱ्याचे दरवाजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उघडून फुमदीला तळ गाठू द्यावा, यासाठी वीजनिर्मितीचे वेळापत्रक बदलावे लागेल. नवे काही बांधण्याची गरज नाही.